निकाल लागला, तो आला नव्हता

मतमोजणीच्या दिवशी माझा नवरा उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून सकाळीच केंद्रात गेला होता. आत मोबाईल चालत नाही, म्हणून फोन घरीच ठेवलेला. मागच्या वर्षीच त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मी आणि सासूबाई टीव्हीसमोर बसून होतो. नंदुरबार, लातूर, रत्नागिरी, सगळ्या राज्याचे आकडे सरकत होते. कोल्हापूर आलं की सासूबाई आवाज वाढवायला सांगायच्या.

दुपारी आमचा उमेदवार पडला. गल्लीत फटाके सुरू झाले. संध्याकाळ झाली तरी नवऱ्याचा पत्ता नव्हता.

मी चप्पल घालून निघणार, तोच दारात मोटारसायकल थांबली. जिंकलेल्या बाजूचा कार्यकर्ता असलेला आमचा शेजारी गुलालानं माखला होता आणि त्याच्यामागं नवरा बसला होता.

"वैनी, घाबरू नगासा," शेजारी म्हणाला. "ह्यो तिथं पायरीवर बसलावता, बोलंनाच. दवाखान्यात दावून आणलाय. प्रेशर वाढलंवतं, आता बरा हाय."

"मिरवणूक सोडून आलासा?" मी विचारलं.

"मिरवणूक काय पळून जातीया व्हय?"

सासूबाईंनी दोघांसमोर पाण्याचे तांबे ठेवले.