कुल्फीची काडी

धामणगाव बढेला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ऑर्केस्ट्रातल्या एका गिटारवाल्यानं त्याचा जुना, काचेच्या वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर माझ्याकडे आणून दिला. वाजता वाजता तो मध्येच खरखरायचा. आठ दिवस मी त्यात डोकं घातलं. शेवटी गिटारवाला कंटाळून सोनाळ्याच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रीला माझ्याच दुकानात घेऊन आला.

म्हाताऱ्यानं डावा हात खिशात घातला. चालू वॉल्व्ह सेटमध्ये दोन्ही हात घालणं जिवावर बेततं. उजव्या हातात कुल्फीची काडी धरली, गिटारवाल्याला एकच तार छेडत राहायला सांगितलं आणि कान तिरका करून एकेका जोडावर टकटक करू लागला. त्याला काही सापडू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

एका जोडाला काडी लागली आणि स्पीकर खरखरला. तो जोड मी पहिल्याच दिवशी नव्यानं सोल्डर केला होता, म्हणून पुन्हा तिकडे पाहिलंच नव्हतं.

"हे कोनं केलं?"

"आंधीच्या मिस्त्रीनं," मी म्हणालो.

"हात चांगला हाय त्याचा. सोल्डर गार व्हाच्या आंधी तार हालली, इतकंच. भेटला त सांगजा त्याले."

मग सेट बंद करून त्यानं सोल्डरिंग आयर्न माझ्याच हातात दिलं, आणि जोड गार होईपर्यंत तार स्वतः चिमट्यानं धरून ठेवली.

त्याच्या कानावर मी जळलोच. पण गिटारवाल्यासमोर त्यानं माझी लाज राखली, त्यावर अजून जळतो. त्याच्या जागी मी असतो, तर गावभर सांगितलं असतं.