म्हाबळूमामाचं व्हय

आमच्या बाजारकुणंग भागात कुणाला मनातलं बोलून मोकळं व्हायचं असलं की तो देवळात जात नाही, म्हाबळूमामाकडे जातो. देव ऐकतो की नाही हे कळायला मार्ग नसतो. मामा ऐकतो हे कळतं, कारण दर वाक्यामागे तो ‘व्हय’ म्हणतो.

महाबळेश्वर हे त्याचं पूर्ण नाव. ते आता रेशनकार्डावर उरलंय आणि एका मोबाइल कंपनीच्या करारावर होतं. भाताची शेती, जंगलखात्याची मजुरी आणि उरलेल्या वेळात लोकांचं ऐकणं, एवढा त्याचा उद्योग. ऐकण्यात मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. म्हैस हरवलेल्याला तो तुटक व्हय देतो, सुनेनं अबोला धरलेल्या सासूला लांबलचक व्हय देतो, आणि झिलूआजा खळ्यावर भुताच्या गोष्टी सांगायला बसला की भूत येण्याच्या जरा आधी मामाचं व्हय असं काही बारीक होतं की बाकीच्यांचे पाय आपोआप पोटाशी जातात.

आता हे व्हय म्हणजे होकार नव्हे. ‘ऐकतोय, पुढं बोल’ एवढाच त्याचा अर्थ, आणि तो आमच्याकडे पोराबाळांनाही कळतो. शेजारच्या भिकाजीनं एकदा अख्खी दुपार मामाला पटवून दिलं की मामाच्या शेताचा बांध खरं तर त्याचा, म्हणजे भिकाजीचा आहे. मामा शेवटपर्यंत व्हय व्हय करत होता. दुसऱ्या सकाळी उठून त्यानं बांध होता तिथंच नीट बांधून घेतला. भिकाजीला राग आला नाही. आपलं नीट ऐकून घेतलं, यातच तो खूश होता. समोरचा बोलत असताना गप्प बसणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं, असं आम्ही मानतो.

मामाची दुसरी अडचण अशी की त्याला ‘न्हाई’ म्हणता येत नाही. ‘बघूया’ म्हणतो, ‘यील की’ म्हणतो, फार झालं तर डोकं खाजवतो. त्याची बायको फुलामामी सांगते, लग्नाआधी मुलगी बघायला आला तेव्हा तिच्या बापानं हुंड्यापासून हवापाण्यापर्यंत सगळं बोलून घेतलं आणि हा फक्त व्हय व्हय करत बसला. “मला आजून कळलं न्हाई,” ती म्हणते, “ह्यानं मला पसंत केली की नुसतं ऐकून घेतलं.”

गावात हे सगळं खपून जात होतं. मग कंपनी आली.

तालुक्याच्या गावी, जोयड्याला, कंदमुळांच्या मेळ्यात मामा आपले कोनाचे कंद आणि सुरण घेऊन बसला होता. शेजारी रंगीत छत्री लावून कंपनीचा एक टाय घातलेला पोरगा घसा फोडून बोलत होता, आणि ऐकायला कुणीच नव्हतं. मामाला ते बघवेना. तो जाऊन उभा राहिला आणि पोराला त्यानं आपलं सगळ्यात चांगलं व्हय दिलं. पोरगा फुलला. वर्षाचा करार, महिन्याला अमुक एवढा डेटा, मध्येच दुसरा रिचार्ज चालणार नाही, असं सगळं त्यानं सांगितलं. मामानं व्हय म्हटलं आणि पोरानं त्याचा अंगठा यंत्रावर दाबून घेतला. म्हाबळू एवढा व्हय म्हणतोय म्हणजे काहीतरी चांगलं असणार, असं समजून गावात ज्यांच्याकडे मोठे फोन होते त्या सगळ्यांनी त्याच छत्रीखाली अंगठे दिले. त्यात मीही होतो. दुसरी कंपनी बघावी तर आमच्याकडे टॉवरच एक.

महिन्याचा डेटा पहिल्याच आठवड्यात संपू लागला. उरलेले दिवस फोनवर एक चकती गरगर फिरत राहायची आणि आम्ही तिच्याकडे बघत बसायचो. मामाच्या मयूरीनं, म्हणजे नर्सिंग शिकून आलेल्या त्याच्या थोरल्या मुलीनं, बापाला करार बंद करायला सांगितलं. करार ज्याच्या नावावर, त्याच्याच आवाजात सांगावं लागतं, असा कंपनीचा नियम. मामानं फोन लावला. पलीकडच्या बाईनं थांबण्याचे फायदे सांगितले, मामानं ऐकले. फोन ठेवल्यावर मेसेज आला: अभिनंदन, आपण अमर्याद गाणी घेतली आहेत, डेटा अर्धा करण्यात आला आहे. पुढच्या वेळी क्रिकेट आलं आणि डेटा आणखी घटला. त्यानंतर रोज सकाळी राशिभविष्य येऊ लागलं. घरात क्रिकेट होतं आणि ते बघायला डेटा नव्हता. भविष्य मात्र न चुकता यायचं, आणि त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असायचं की आज महत्त्वाचे निर्णय टाळावेत.

इथवर आम्ही हसत होतो. मग मयूरीला मंगळूरच्या एका इस्पितळाची मुलाखत आली, व्हिडिओवर.

तिची मैत्रीण सोनिया त्याच इस्पितळात आहे. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, “चित्र अडकलं तर थांबत नाहीत ग. दुसरीला बोलावतात. माझ्या डोळ्यांदेखत दोघींचं गेलं.” मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोघींनी फोन लावून बघितला. मयूरीचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला आणि तसाच राहिला. महिन्याचा डेटा कधीच संपला होता. करार चालू असेपर्यंत दुसरा रिचार्ज बसत नव्हता. आम्हा बाकीच्यांच्या फोनवर त्याच चकत्या फिरत होत्या. जोयड्याला जावं तर रस्त्यावर दरड आलेली, बस बंद.

करार त्याच दुपारी बंद करायचा आणि गावातल्या गुणाच्या दुकानातून साधा रिचार्ज मारून घ्यायचा, एवढा एकच रस्ता उरला. आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी मामा उभा होता, व्हय म्हणायला तयार.

फुलामामीनं मामाला खळ्यावर बसवलं, कारण रेंज तिथंच येते. फोन पालथ्या पाटीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. मयूरीनं बापाला पढवलं होतं, “बाबा, व्हय म्हणायचं न्हाई. हं बी न्हाई. नुसतं ‘ऐकतोय’ म्हणायचं.”

“व्हय,” मामा म्हणाला.

मयूरीनं कपाळाला हात लावला. मामी नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवून चिमट्याच्या तयारीत बसली. मी पाटीच्या पलीकडे होतो, पण माझ्यावर कसलीच कामगिरी नव्हती. मला बहुधा साक्षीला बोलावलं होतं.

बराच वेळ कंपनीचं सनईसारखं काहीतरी वाजलं. मग आवाज आला.

“नमस्कार महाबळेश्वर सर, मी रेश्मा बोलतेय. आपला हा कॉल रेकॉर्ड होतोय. करार बंद करण्याआधी आमच्या ऑफर आपल्याला शेवटपर्यंत ऐकाव्या लागतील. मध्येच फोन ठेवला किंवा उत्तर आलं नाही, तर विनंती रद्द समजली जाईल. कळलं ना सर?”

मामाचं तोंड उघडलं. मामीनं चिमटा काढला. मामानं मान डोलावली.

“सर?”

मामानं आणखी जोरात मान डोलावली.

“सर, ऐकू येतंय का? नाहीतर कॉल कट होईल.”

“बाबा, बोल,” मयूरी दातांतून म्हणाली.

“ऐकतोय,” मामा म्हणाला. मोठी मोळी डोक्यावरून उतरवावी तसा त्यानं श्वास सोडला.

रेश्मा सुरू झाली. सिनेमे देऊ केले, मामानं ‘ऐकतोय’ म्हटलं. इंग्रजी शिकवणारा वर्ग देऊ केला, मामा ‘ऐकतोय’ म्हणाला. आयुष्यभर ज्याला बोलणाऱ्याच्या पाठीवरून व्हयचा हात फिरवायची सवय, त्याला ही बिचारी एकटीच बोलत चालली आहे हे सोसत नव्हतं. मयूरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बोट निळं पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

आणि ऑफर वाचता वाचता रेश्माला खोकला आला. खोल, छातीतून येणारा खोकला. तिनं “माफ करा सर” म्हटलं आणि पुन्हा खोकली.

“व्हय...” मामाच्या तोंडून निघालंच. चिमटा बसला, पण शब्द आधी गेला होता.

रेश्माचा खोकला थांबला.

“सर, आपण होय म्हणालात? ही ऑफर चालू करू का?”

मयूरी उठून उभी राहिली. मामी नवऱ्याकडे अशी बघत होती की मी नजर बांधाकडे वळवली. आता फक्त ‘न्हाई’ म्हणायचं होतं. मामाचे ओठ हलले. ‘न्ह’पर्यंत गाडी आली आणि तिथंच रुतली.

“बाय,” तो शेवटी म्हणाला, “खोकला लई दिसांचा हाय काय?”

“सर, ऑफर...”

“ऑफर हाय की हितंच. कुठं जातीया? पाणी हाय काय तुझ्यापाशी? पी आधी. आमी थांबतो.”

मग पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“सकाळपासून बोलतेय ना,” ती म्हणाली. आवाज जरा वेगळा होता, खानापूरकडचा.

“तू लई बोललीस. कोण ऐकतंय का न्हाई कुणास ठाऊक. आता जरा मी बोलतो, तू ऐक.”

“हो,” रेश्मा म्हणाली.

मग मामा बोलला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पोरगी नर्सिंग शिकली ते सांगितलं. (“हो.”) ह्या रानातून नर्स झालेली आमच्या वाडीतली ती पहिली, ते सांगितलं. (“हो का.”) उद्या मुलाखत आहे, आणि फोनमध्ये पोरीचं तोंड उघडंच राहतं, मिटत नाही. (“हो, हो.”) आम्हाला गाणी दिलीत, क्रिकेट दिलंत, भविष्य दिलंत, लई केलंत. (“हो मामा.”) पण पोरीचं भविष्य तेवढं अडकून पडलं आहे.

“म्हणून म्हंतो, हे बंद करून टाक. करतीस न्हवं?”

“हो,” रेश्मा म्हणाली.

मामीचा हात नवऱ्याच्या मांडीवरून आपोआप सुटला.

“अय्यो,” पलीकडून हळूच आलं. “मामा, मी तसं हो नाही म्हटलं. राहिलेल्या ऑफर न वाचता मला बंद करता येत नाही. तुम्ही बोलत होता, मी ऐकत होते, म्हणून नुसतं...”

“व्हय, व्हय,” मामा कळवळून म्हणाला. “कळतंय की मला. माझंबी आगदी तसंच हुतं.”

मयूरीनं डोळे मिटले. जिंकलेला बांध हा माणूस भिकाजीला उचलून देत होता.

मामी पुटपुटली, “गेलं.” मयूरी पाटीजवळ गुडघ्यावर बसली आणि फोनच्या काचेकडे बघत राहिली.

“मामा,” रेश्मा म्हणाली, “तुमच्या त्या नुसत्या व्हयवर आम्ही तुम्हाला गाणी लावली, क्रिकेट लावलं. आमचे साहेब म्हणतात, रेकॉर्डवर हो आलं की ते हो. का म्हटलं, कशाला म्हटलं, विचारायचं नाही.” कळा दाबल्याचा आवाज येऊ लागला. “आता माझंही रेकॉर्डवर आलंय. मी काय करू?”

“तुला कोण बोलणार तर न्हाई न्हवं?”

“बोलतील. ऐकून घेईन,” ती म्हणाली. “तुमच्यासारखं.”

मेसेज आला: आपला करार रद्द करण्यात आला आहे. आम्हाला आपली आठवण येईल. मयूरी तो वाचायला थांबली नाही. चिखलातून ती गुणाच्या दुकानाकडे धावत सुटली. मामी मात्र नवऱ्याच्या मांडीवरचा चिमट्याचा वळ चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. मयूरी खळ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, मागे मामीची चांगली चादर टांगलेली. चित्र अडकलं नाही. मामा आणि मी चादरीमागे उभे होतो. इस्पितळाच्या मोठ्या सिस्टर हिंदीतून सांगत होत्या: रात्रपाळी असते. मयूरी म्हणाली, “व्हय.” सुट्टी कमी मिळते. “व्हय.” वर्षभर नोकरी सोडता येणार नाही, तसा करार असतो.

“व्हय,” मयूरी म्हणाली.

मामानं माझा दंड पकडला.

फोन बंद झाल्यावर तो चादर बाजूला सारून पुढे आला. “बाय, ते शेवटचं व्हय कसलं हुतं? ऐकायचं का कबुलीचं?”

मयूरी कानातल्या वायरी गुंडाळत होती. तिनं वर बघितलं. “तूच सांग की, बाबा. तुला तर सगळ्यांची व्हय कळतात.”

मामानं डोकं खाजवलं आणि तो माळ्यावरची तिची ट्रंक खाली काढायला आत गेला.