भाऊजींचा हललेला फोटो

फटाक्यांना आमच्या भाऊजींइतका भिणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि फटाक्यांचे त्यांच्याइतके फोटो काढणाराही. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, हे यजमान. डोलवीच्या कंपनीत सेफ्टी खात्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे रोह्यातल्या घरी फुलबाजी पेटवायची तरी आधी अंगणात वाळूची बादली यायची. दरवर्षी ग्रामदैवताच्या पालखीच्या रात्री मैदानावर आतषबाजी असे, तेव्हा भाऊजी कानांत कापूस कोंबून, डोक्यावर हेल्मेट चढवून सर्वांच्या आधी हजर. कॅमेऱ्याची तिपाई हलू नये म्हणून तिला खडेमिठाच्या दोन पिशव्या टांगलेल्या. आसपासच्यांनी पाय आपटायचा नाही, शिंकायचं नाही. हटकायला आलेल्या पोलिसालासुद्धा ते म्हणाले होते, "साहेब, आठ सेकंद हलू नका, मग काय धरायचं ते धरा मला."

कारण शटर आठ सेकंद उघडं ठेवलं, की वर चढणारी ठिणगी आणि ती फुटून झालेलं झाड, सगळं एकाच फोटोत उमटतं. पण त्या आठ सेकंदांत भाऊजींचे डोळे गच्च मिटलेले असत. आता बार होणार, ही धास्ती. म्हणून आकाशाकडे ताई बघायची. "उघडा," म्हणायची आणि माहेरापासून सासरपर्यंतची स्टेशनं सावकाश मोजायची: पेण, कासू, नागोठणे, रोहा. रोहा आलं की भाऊजी शटर बंद करत. एकदा बोलण्याच्या नादात ती कोलाडला पोचली आणि फोटोतलं आकाश पांढरंफटक पडलं.

"सासर सोडून कुठं निघालीस गो?" भाऊजी ओरडले.

"डोळे उघडे ठेवले असतेत तर दिसलं असतं!"

मग ताईच्या हृदयात दोष निघाला. पनवेलला ऑपरेशन ठरलं, पालखीनंतर दोनच दिवसांनी. खाटेवरून ती म्हणाली, "माझ्याशिवाय एक तरी फोटो नीट काढून दाखवा. तुमचं निभेल एवढं कळलं, की मी निर्धास्त जाते."

"जाते नाय म्हणायचं, येते म्हण," भाऊजी म्हणाले.

त्या रात्री स्टेशनं मोजायला मी होतो. भाऊजींचे डोळे सताड उघडे. हेल्मेटचा पट्टा घामाने भिजलेला, हात मात्र स्थिर. मी "उघडा" म्हणालो. वर सोनेरी झाड फुटलं. पेण, कासू... "नागोठणे" म्हटलं आणि भाऊजींनी शांतपणे कोपराने तिपाईला धक्का दिला. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

घरी येऊन त्यांनी ताईपुढे कॅमेरा धरला. "हलला. नाय जमत बघ मला."

ताईने तो वाकडातिकडा उजेड बराच वेळ न्याहाळला. "काय हो हे! इतकी वर्षं शिकवलं ते पाण्यात. म्हणजे मलाच उठायला लागणार." बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती उठली. पुढच्या चारही पालख्यांना ती मैदानात त्यांच्या शेजारी उभी होती. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेली.

यंदा पालखीला माझ्याने जाववलं नाही. रात्री भाऊजींनी फोनवर एक फोटो पाठवला, खाली एक अक्षरही नाही. कुठेतरी एखादी रेघ हललेली सापडेल म्हणून मी तो मोठा करकरून पाहिला. फोटो अगदी स्वच्छ आला होता.