माठ भरायला पाऊण तास

देखरेख ही राष्ट्रउभारणीची पहिली पायरी आहे, असं आमच्या मराठी विद्यार्थी मंडळाच्या नियमावलीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ती ओळ माझी. ज्या खोलीची देखरेख करायची होती तिच्यात एक कॅरम, दोन बाकं, शिळ्या वर्तमानपत्रांची चळत आणि पाण्याचा माठ होता.

हैदराबाद राज्य नुकतंच मोडलं होतं. काही तालुके मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद आंध्रात आलं, आणि आमची शाळा जागची न हलता दुसऱ्या राज्यात जाऊन पोचली. अशा दिवसांत निदान एका खोलीचा कारभार चोख असावा, असं आम्हाला वाटत असावं. शाळा सुटल्यावर दोन स्वयंसेवकांनी खोली तासभर उघडी ठेवायची, सभासद नसलेल्याला बसू द्यायचं नाही, आणि आलेल्याचं नाव व येण्याजाण्याची वेळ वहीत लिहायची. वहीच्या शेवटच्या रकान्याला जुन्या कचेरीच्या वळणाने ‘कैफियत’ म्हणत. तिथे येण्याचं कारण.

त्या दोघांतला एक मी. माझा जोडीदार मंचेरियलचा, घरी तेलुगू बोलणारा. मराठी मंडळात तो कॅरमसाठी आला होता आणि तसं सांगतही असे.

एके दिवशी शाळेचे शिपाई दारात उभे राहिले. नोटिशीची वही वर्गावर्गांत फिरवणं हे त्यांचं काम. उर्दू ते वाचत, मराठी वाचत. पण आता नोटिसा तेलुगूत निघू लागल्या होत्या. सातवीच्या सुटीची नोटीस त्यांनी नववीत नेली, आणि नववी काही न विचारता घरी गेली. त्यावरून त्यांना शिक्षणखात्याकडून लेखी ताकीद मिळाली. तीही तेलुगूतच होती, म्हणून ते ती वाचून घ्यायला आले होते. वर्षाच्या आत तेलुगू वाचनाची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी जाईल, असा मजकूर निघाला.

“घंटा त काई तेलुगूत वाजवा लागत नाई,” शिपाई म्हणाले. “मंग मले काऊन काढून राह्यले?”

“घंटेचं नाही काका, नोटिशीचं आहे,” जोडीदार म्हणाला. “मी शिकवतो. बसा.”

“नियमात बसत नाही,” मी म्हणालो.

“मग बाकावर बसतील.”

ते बसले. कैफियतीत काय लिहावं यावर मी बराच विचार केला आणि ‘माठ भरण्यासाठी’ असं लिहिलं. त्यानंतर रोज तेच लिहीत गेलो. ते पाटी घेऊन येत, जोडीदाराला ‘गुरुजी’ म्हणत, आणि अक्षर चुकलं की स्वतःच्याच बोटावर पट्टी मारून घेत.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे मुख्याध्यापक. सहामाहीतून एकदा ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून खोलीची तपासणी करत. त्या दिवशी ते न सांगता आले. शिपाई पाटीसकट उठून उभे राहिले. अध्यक्षांनी आधी वही उघडली.

“रोज पाऊण तास माठ भरता?” त्यांनी विचारलं. “फुटका आहे का?”

“मोठा आहे, सर,” जोडीदार म्हणाला.

“पोरायचं काई चुकलं नाई साहेब,” शिपाई म्हणाले. “मीच येऊन बसून राह्यलो. नोकरीचं हाय म्हणून.”

मी नियमावलीचा कर्ता. मान खाली घालून उभा होतो. अध्यक्षांनी पाटी हातात घेतली. खोलीवर बंदी येणार आणि शिपायांची शिकवणी संपणार, हे मी धरून चाललो होतो.

“हे काय?” त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं.

“प, साहेब.”

“आणि हे?”

“व.”

अध्यक्षांनी पाटी जरा लांब धरली, मग जवळ आणली. “मला दोन्ही सारखीच दिसतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही ओळखता कसं?”

“ ‘प’च्या डोक्शावरची खूण सुटी रायते. ‘व’ची चिकटून रायते.”

अध्यक्षांनी दार लोटलं, कोटाचं वरचं बटण काढलं आणि शिपायांच्या शेजारी बाकावर बसले. तीच परीक्षा त्यांनाही द्यायची होती. दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. त्यांच्या कैफियतीत मी ‘देखरेखीसाठी’ असं लिहीत असे.

शिपाई पहिल्या खेपेला पास झाले. अध्यक्ष तिसऱ्या.