दोन वायसरांचं अंतर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — कुणास ठाऊक! तुम्ही ना माझ्या बाजूचे, ना त्याच्या. म्हणून असेल.

मेहकरात माझं मोटारींचं गॅरेज होतं. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. गावातल्या एका वकीलसाहेबांकडे इंग्रजांच्या वेळची मोटार होती. गाडी देखणी, पण डायनामो म्हातारा — गाडी हळू झाली की दिवे मिणमिणायचे. साहेबांनी मुंबईहून आल्टरनेटर आणला. उभ्या गाडीतही भरपूर वीज देतो म्हणे. आमच्या भागात तो कोणी हातात धरला नव्हता. मीही नाही! पण चार लोकांत बोलून बसलो, "दसऱ्याच्या आत बसवतो साहेब, त्यात काय एवढं?"

जीभ ही अशी माझी. हातांच्या आधी पळते.

थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय चूक कळायची नाही. इंजिनाची पुली, पंख्याची पुली आणि आल्टरनेटरची पुली, तिन्हींवरून एकच पट्टा फिरतो. तिन्ही एका ओळीत हव्यात. एक जरी मागे-पुढे राहिली तर पट्टा कडेला घासतो, तापतो, शेवटी तुटतो. पट्टा तुटला की इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरायचं थांबतं, पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा चढतो आणि इंजिन जळतं. ओळ आम्ही दोरा ताणून बघायचो. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं.

त्या दिवशी दुसरं टोक सुखदेवनं धरलं होतं. सुखदेव म्हणजे साहेबांचा डायवर. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, कपड्यांवर कधी डाग नाही. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. काऊन? तो बौद्धवाड्यात राहायचा आणि मी पेठेत — दुसरं काय कारण सांगू?

गाडी सुरू केली तेव्हा उभ्या जागी दिवे लख्ख पेटले. दारात दहा-बारा माणसं जमली होती. "वा मिस्त्री!" सुरू झालं. पण पट्टा चिरचिरत होता. मी इंजिन बंद केलं, दोरा लावला.

"मिस्त्री," सुखदेव हळूच म्हणाला, "दोरा इकडे टेकून नाई राह्यला."

मलाही दिसत होतं. आल्टरनेटर दोन वायसर, म्हणजे बोल्टात घालायच्या दोन पातळ चकत्यांएवढा, मागे होता. बोल्ट सैल करायचे, मध्ये दोन वायसर घालायचे, पुन्हा आवळायचं. तासाभराचं काम. मग का नाही केलं?

इतकी वर्षं मनाला एकच उत्तर देत आलो — खंडेनवमी होती. आल्टरनेटर आदल्या दिवशीच बसवून झाला होता. पाने, हातोड्या सकाळीच धुऊन पाटावर मांडल्या होत्या, हळद-कुंकू वाहिलं होतं. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण त्याच दुपारी माझ्या सायकलचं चाक ढिलं झालं, तेव्हा पाटावरचा पाना मी उचललाच की! उगाच देवाला मध्ये घेतलं. त्या लोकांसमोर "थांबा, अजून जमलं नाही" एवढं बोलायची मला लाज वाटली. बस्स.

दुसऱ्या दिवशी साहेब घरच्यांना घेऊन देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला जाणार होते. मी सुखदेवला बाजूला घेतलं. म्हटलं, "नवा पट्टा हाये, चिरचिर करन. पाण्याचा काटा चढला तरी भिऊ नको, हाकत राय. वापस आल्यावर पाहू."

"तुमी म्हनता तर ठीक हाये," तो म्हणाला.

दुसरबीडच्या पुढे पट्टा तुटला. इंजिन जाम झालं. साहेबांची बायकामुलं सणाच्या दिवशी उन्हात रस्त्यावर बसली.

आता ते... सांगतो.

साहेब सुखदेवला घेऊन गॅरेजवर आले. लोक होतेच. साहेब म्हणाले, "हा म्हणतो, काटा चढला तरी हाकायला तुम्हीच सांगितलं. खरं का?"

सुखदेव माझ्याकडे बघत होता. रागानं नाही हो, भरवशानं. मी आता 'हाव, मीच सांगतलं' म्हणणार आणि हे मिटणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मी?" मी म्हणालो. "मी काऊन असं सांगीन, साहेब?"

साहेबांनी मला पुन्हा विचारलं नाही. त्याला तर विचारलंच नाही. आणि हे असंच होणार, आम्हा दोघांत माझाच शब्द धरला जाणार, हे मला तोंड उघडायच्या आधी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर बोललो! यापेक्षा हलकं काम मी आयुष्यात केलं नाही.

त्याची नोकरी गेली. इंजिन जाळणारा डायवर म्हणून तालुकाभर नाव झालं, कोणी गाडी हाती देईना. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. इंजिन मीच बांधलं, गुपचूप दोन वायसर घातले, आणि त्याबद्दलही शाबासकी घेतली.

बऱ्याच वर्षांनी देऊळगाव राजाच्या स्टँडवर तो दिसला. मी तोंड फिरवलं, तर तोच जवळ आला. सोबत लेक होती, मोठी, शिकलेली वाटत होती. तो तिला म्हणाला, "हे मेहकरचे मिस्त्री." मग माझ्याकडे वळला. आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

"मिस्त्री, एक इचारू? काटा चढला तरी हाक, असं तुमी मले सांगतलं होतं ना? घरी मी तेच सांगत आलो. पन आता मलेच समजत नाई — का मीच चुकलो होतो?"

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"जुनी गोष्ट झाली, सुखदेवभाऊ," मी म्हणालो. "येतो. माझी गाडी सुटते."

गाडी सुटायला अजून अर्धा तास होता.