त्या दुपारी तास कोणी घेतला?

आमच्या घरी देव्हारा नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. बाबा म्हणायचे, दोघं एकाच दारानं आत येतात. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाले. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवायचा आणि अंगारेवाल्यांची पोल खोलायची, ही माझी दर वर्षीची हौस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण घडलं ते असं.

माझी शाळा कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका बंजारा तांड्यावर. आम्ही राहायला हिंगोलीत. कोरोनात शाळा बंद झाली आणि ऑनलाइन शिकवायचा आदेश आला. ऑनलाइन कसलं! तांड्यावर स्मार्टफोन दोन-तीन, तेही बापांच्या खिशात. शेवटी सहावीतल्या पायलच्या आईचा, शांताबाईंचा, साधा बटनांचा फोन कामाला आला. दुपारी मी फोन लावायचा, शांताबाईंनी तो स्पीकरवर करून लिंबाखालच्या कट्ट्यावर ठेवायचा, पोरांनी लांब लांब बसून ऐकायचं.

सुरुवातीला मजा वाटली. मग मात्र अंगावर यायला लागलं. सकाळी घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन सर्व्हे, दुपारी फोनवर तास, संध्याकाळी व्हिडिओ बनवा, अहवाल पाठवा, फोटो पाठवा. ओळखीचे एक सर कोरोनात गेले. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली आम्ही सगळ्यांनी हात जोडले आणि त्याच्याच खाली मेसेज आला — आजची माहिती तात्काळ भरावी. त्या दिवसापासून फोन वाजला की मी तो पालथा घालून ठेवायचे. झोप उडाली. घसा तर असा बसला, की मिलिंद — माझा नवरा — म्हणायचा, “तू बोलतेस की दार करकरतंय?”

एके दुपारी तासाची वेळ झाली आणि मला फोन लावताच येईना. बोट नंबरावर ठेवायचे आणि परत मागं घ्यायचे. मी रडायला लागले. मिलिंदनं माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. “आज तास नाही. मरू दे,” म्हणाला. मी कॉटवर आडवी झाले... आणि कधी नव्हे ते मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. मिलिंदनंच कपाटातून फोन काढून सुरू करून दिला.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला शांताबाईंना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “म्याडम, कालचा तास लई झ्याक झाला बघा! पोरं नुसती हसून राहिली व्हती.”

“काल? काल मी तास घेतलाच नाही.”

“आसं काहून म्हणता? मी सोता फोन उचलला की. तुमचा घसाबी मोकळा झालता.”

मला वाटलं, परवाच्या तासाचं सांगत असतील. पण दोन दिवसांनी पुस्तकं वाटायला तांड्यावर गेले, तेव्हा त्यांचा फोन मागून घेतला. आलेल्या कॉलमध्ये ‘म्याडम’ होतं. तीच दुपार, तासाचीच वेळ. माझ्या फोनमध्ये मात्र काहीच नाही. नंतर कंपनीकडं चौकशी केली, तर त्यांच्याकडंही माझ्या नंबरावरून तसा कॉल गेल्याची नोंद नव्हती.

मी पोरांना एकेकटं बाजूला घेऊन विचारलं. म्हटलं, कोणीतरी अडखळेल. कोणी अडखळलं नाही. सगळ्यांचं एकच — त्या दिवशी म्याडमनी गणित घेतलं नाही, डोळे मिटायला लावले, कुठून कुठून काय आवाज येतात ते ओळखायला सांगितलं. कोणाची शेळी, कोणाच्या घरचं जातं, लांबून जाणारा ट्रक.

पायलनं मात्र एक जास्तीची गोष्ट सांगितली. “तुमी आमच्या बोलीत बोलल्या, म्याडम. गोरमाटीत. बराबर आमच्या याडीवानी.”

आता गोरमाटीत मला ‘याडी’ म्हणजे आई, एवढा एकच शब्द येत होता. अख्खा तास कुठला!

“आणखी काय बोलले मी?”

ती पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, “शेवटाला तुमी रडून राहिल्या व्हत्या. आमी इचारलं, काहून रडता? तुमी म्हणल्या, लई थकले. मंग आमी म्हणलो, निजा की म्याडम, आमी गलका करत न्हाई. मंग फोन बंद झाला.”

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण भीती नाही वाटली. घरी येऊन मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, “फोन कपाटात होता, किल्ली माझ्या खिशात होती.” झोपेत मी बोलले का, तर तेही नाही, तो शेजारीच बसून होता. कोणी आवाजाची नक्कल केली म्हणावं, तर त्या दिवशी मी रडले हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक?

पुढचे तास मी तसेच घ्यायला लागले. आधी डोळे मिटा, ऐका, जेवलात का सांगा... मग गणित. संध्याकाळी फोन बंद करून ठेवायचा ठरवला. त्यावरून नोटीस आली, तिला उत्तर दिलं. राजीनामा द्यायचं मनात घोळत होतं, ते मागं पडलं. गोरमाटी पोरांकडूनच शिकले. अजून चुकते, ती हसतात.

मध्यंतरी हिंगोलीच्या बसस्टँडवर पायल भेटली. आता कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा उंच. चहा पिताना मी पुन्हा तोच प्रश्न काढला, “खरं सांग, त्या दिवशी फोनवर कोण होतं गं?”

“तुमीच व्हत्या की. तुमाला याद न्हाई?”

“नाही गं. खरंच नाही.”

तिनं चहाचा कप खाली ठेवला. “जाऊ द्या,” म्हणाली, “आमाला हाय ना याद.”

तिची गाडी लागली आणि ती गेली. मी विज्ञान शिकवते, उत्तर नसलं तर ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहावं, असं पोरांना सांगते. म्हणून इथंही तेच लिहिते — माहीत नाही.