जानकीबाईंची गोळी

कर्जतकडच्या कोंडाणे गावातल्या जानकीबाईंना दम्याने दहा वर्षे खळ्यापासून दूर ठेवले होते. भाताची धूळ छातीत गेली की श्वास अडे. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून गोळी दिली आणि १९६८च्या झोडणीला त्या पुन्हा कामाला उभ्या राहिल्या. गोळीने अर्ध्या तासात त्यांची छाती मोकळी होते, हे साऱ्या वस्तीने पाहिले होते.

त्याच झोडणीत धाकटी जाऊ पुतळाबाई धापा टाकत खाली बसली. दमा तिलाही होता. डॉक्टरांना मात्र तिने कधी दाखवले नव्हते. जानकीबाईंनी पदराची गाठ सोडून आपली एक गोळी तिच्या हातावर ठेवली.

"गीळ गं. आत्ता पळाया लागशील."

"पळून जाऊ कुटं? तुमचा दीर धरून आणंल," पुतळाबाई तशातही हसली.

अर्ध्या तासाने ती हसत नव्हती. दम उतरला नव्हता, शिवाय हात थरथरत होते आणि गळ्याची शीर उडताना लांबूनही दिसत होती.

"बाय, काळीज फुटतंय माजं."

तिचा नवरा बुधाजी घाबरून ओरडला, "वयनी, एकीनं भागत नाय. दुसरी द्या! तुमाला लागू पडते, मग हिलाच कशी नाय? का सरतील म्हून राखताय?"

जानकीबाईंची मूठ घट्ट मिटली. द्यावी तर हे काळीज थांबेल; न द्यावी तर श्वास. विचारायला कोणी नव्हते. कर्जत बैलगाडीने तीन तास.

"नाय द्यायची. गाडी जुंप!"

वाटेत पुतळाबाईचे ओठ काळे पडत गेले. जानकीबाईंनी तिला पाठीमागून धरून बसते ठेवले. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंत त्यांचाही श्वास थांबे.

डॉक्टरांनी शिरेतून सावकाश इंजेक्शन दिले. तासाभराने धाप उतरली.

"आजार एक असला तरी औषध प्रत्येकाला सारखं मानवत नाही," ते म्हणाले. "हिला ही गोळी सोसत नाही. दुसरी दिली असतीत तर मला काही करता आलं असतं की नाही, कोण जाणे."

"आनि मला?" जानकीबाईंनी विचारले.

"तुम्हाला मानवते. तुम्ही घेत जा."

आठवड्याने जानकीबाईंचा दमा उसळला. गोळी तळहातावर घेऊन त्या तशाच बसून राहिल्या.

"घ्या की, बाय. तुमाला काय होनार नाय," पुतळाबाई म्हणाली.

"तुला तरी काय होनार, असंच वाटलं व्हतं मला."

शेवटी त्यांनी ती गिळली, आणि छाती मोकळी होईपर्यंत स्वतःच्या बोटांवरची नजर काढली नाही.